भिमाजीचा कान

सोमाटण्याला जुन्या हायवेलगत भिमाजीचं गॅरेज आहे. नव्या गाड्यांना तो हात लावत नाही. अ‍ॅम्बॅसिडर, फियाट, क्वचित एखादी जुनी जीप, यांच्यावरच त्याचा संसार चालला. इंजिन चालू करायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि निकाल द्यायचा, ही त्याची पद्धत. निकालावर कुणी शंका काढली की "गाडी घेऊन जा" म्हणायचा. माणूस गुणी, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

त्याला ऐकू कमी येतंय हे आधी कळलं मुक्ताबाईला, त्याच्या बायकोला. गॅरेजच्या कडेलाच तिची चहाची टपरी आहे. एका हाकेत ओ येईना. तिने डॉक्टरचं नाव काढलं की हा म्हणायचा, "ट्रकांचा गोंगाट लय वाढलाय." आता यावर हसावं की चिडावं!

यंदा उन्हाळ्यात वराळ्याचा सोपान आपली अ‍ॅम्बॅसिडर घेऊन आला. लोणावळ्यात लग्नाच्या फोटोंसाठी लोक ती भाड्याने नेतात.

"टॅपेट वाजत्यात, भाऊ."

भिमाजीने टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट, नीट बसवला, कान लावला आणि गाडी दिली. थोड्याच दिवसांत सोपान परत हजर. भिमाजीने पुन्हा कान लावला.

"इंजिन गप हाय. तुज्याच डोक्यात वाजतंय."

"मला हितं ऐकू येतंय," टपरीतून मुक्ताबाई म्हणाली. "टिकटिक टिकटिक."

"तू तुजा चहा बघ!"

"चहाच बघतीय. आवाज येतोय, त्याला मी काय करू?"

सोपानने हळूच मान डोलावली. आवाज खरंच येतोय, आपल्यालाच तो ऐकू येत नाही, हे त्यावरून भिमाजी समजला. टपरीच्या बाकावर चहा पिताना मला त्याचं फार वाईट वाटलं, पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

त्याने इंजिनावरचं झाकण काढलं आणि गॅपमध्ये फट मोजायची पट्टी घालून पाहिली. एका ठिकाणी गॅप वाढला होता. गॅप धरून ठेवणारा नट तर घट्ट होता. म्हणजे खाली काहीतरी झिजत होतं. इंजिन हाताने फिरवत तो व्हॉल्व्ह दाबणारा एकेक रॉकर किती हलतो ते बघत गेला. गॅप वाढलेला तोच एक कमी हलत होता. मग बाजूचं झाकण उघडून त्याखालचा लिफ्टर, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारा तुकडा, काढला. गुळगुळीत असायचा त्याचा तळ खड्ड्यांनी भरला होता, नख अडकत होतं. त्याला उचलणारा कॅमशाफ्टचा उंचवटाही घासून बसका झाला होता.

"कॅम गेलाय," भिमाजी म्हणाला. "पयल्याच खेपेला कळाया पायजे व्हतं."

कॅमशाफ्ट नवा घातला, आणि लिफ्टरही सगळे नवे, कारण झिजका लिफ्टर नवा कॅमही खातो. गाडी तयार झाली त्या दिवशी सोपान बॉनेटपाशी उभा होता. इंजिन चालू होतं. स्क्रूड्रायव्हर भिमाजीने हातातही घेतला नाही.

"गेला का आवाज, भाऊ?" सोपानने विचारलं.

"मला त्यो आवाज ऐकूच येत न्हाई, सोपान," भिमाजी म्हणाला आणि टपरीकडे वळला. "मुक्ते, बघ गं जरा."

मुक्ताबाई हात पुसत आली, बॉनेटवर वाकली. घाई केली नाही तिने.

"न्हाई येत आता," ती म्हणाली.

भिमाजीने बॉनेट लावलं.

"ही म्हणती न्हाई येत. ने गाडी."