उन्हाळ्यात पाहिलेली जमीन

कंडक्टर म्हणून माझ्या नोकरीची शेवटची सोळा वर्षं बीड–पाटोदा गाडीवर गेली. पाली मागं पडून गाडी घाट चढली की वारा बदलायचा. तोवर तिकिटं देऊन झालेली असायची. मी दाराजवळच्या सीटवर टेकायचे आणि मनाशी म्हणायचे, रिटायर झाल्यावर खाली बीडात भाड्याच्या खोलीत राहायचं नाही. इथं वर राहायचं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी पुण्यात. तिच्या फ्लॅटमध्ये तिनं माझ्यासाठी एक खोली मोकळी ठेवली होती. खोली चांगली होती, पण मला जायचं नव्हतं. एकट्या बाईनं डोंगरात जमीन घेऊन राहायचं हे तिला खुळेपणाचं वाटलं. डेपोतही सगळे हसले. मी कोणाला समजावत बसले नाही.

जमीन दाखवायला एक दलाल भेटला. भादव्यात त्यानं मोटारसायकलवरून मला लिंबागणेशच्या अलीकडं नेलं. उतारावर कमरेएवढी बाजरी, खालून ओढा वाहत होता. असा तुकडा पुन्हा मिळायचा नाही, आजच इसार द्या, असं त्याचं चाललं होतं. मी म्हटलं, मे महिन्यात पुन्हा बघीन.

"मे मधी कावून, मावशी? तवा काय दिसतंय?"

"जे हाय तेवढंच दिसतंय," मी म्हटलं. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलणं बंद केलं.

सोळा वर्षं मी त्या रस्त्यानं रोज जात होते. कोणत्या फाट्यावर बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असतात, हे मला दलालापेक्षा जास्त ठाऊक होतं. मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी एकटीच उतरायचे आणि चालायचे. त्या बाजरीच्या रानात गेले तर ओढ्यात नुसते गोटे. शेजारच्या बाईनं सांगितलं की विहीर संक्रांतीलाच आटते. दुसरी एक जमीन काळीभोर होती, पण तिला वाट नव्हती. दुसऱ्याच्या बांधावरून जायचं, आणि त्या बांधाचा मालक मी विचारायच्या आधीच भांडायला उठला.

तिसरी जमीन पाटोद्याच्या बाजूला, एका वस्तीला लागून. एक एकर, सगळा मुरूम. हुलग्यांशिवाय त्यात काही येत नसे. पण तिला सरकारी गाडीवाट होती आणि खालच्या विहिरीवर भर उन्हात बाया पाणी शेंदत होत्या. शेरडं घेऊन आलेल्या एका म्हातारीनं मला तांब्याभर पाणी दिलं. पाणी आटतं का, असं मी विचारलं.

"माझ्या लग्नापसून तरी न्हाई आटलं," ती म्हणाली. मग तिनंच सांगितलं की दिवाळीनंतर सगळी वस्ती ऊस तोडायला जाते, मागं तिच्यासारख्या चार-पाच म्हाताऱ्या तेवढ्या राहतात. तेव्हा तुम्ही काय करता, मी विचारलं.

"काय करायचं? ऱ्हातो."

मी तिथंच ठरवलं.

जमिनीचा मालक पाटोद्यात राहायचा. तो विकायला तयार होता. अडलं ते कागदावर. दस्तलेखकानं मला शेतकरी असल्याचा पुरावा मागितला. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. माझ्याकडं एकच पुरावा होता: वडील गेल्यावर नांदूरघाटाकडच्या माहेरच्या सातबाऱ्यावर धाकट्या भावाबरोबर वारस म्हणून लागलेलं माझं नाव.

आणि नेमकं तेच नाव भावाला काढायचं होतं. हक्कसोडीचा कागद त्यानं कधीचा तयार ठेवला होता. खरं सांगते, मी सही करणार होते. बहिणी करतात, मीही करणार होते. रिटायर झाल्यावर निवांत येते, असं त्याला सांगितलंही होतं. आता मी जाऊन त्याला एवढंच म्हटलं की जरा थांब. माझी रजिस्ट्री होऊ दे, दुसऱ्या दिवशी सही करते.

तो म्हणाला, "आधी सही कर. मग तुझं काय ते कर."

"सही केली तर मी शेतकरी ऱ्हात न्हाई. मग मला जमीन घेता येत न्हाई."

"मग नको घिऊस. बाईमाणसाला जमीन कशाला पायजे? डोंगरात एकटी ऱ्हायलीस तर लोक आमाला काय म्हणतील?"

ज्याला मी कडेवर घेऊन गावभर हिंडवलं, तो हे बोलत होता. भावजय दारात उभी होती. मी उठले, तलाठ्याकडं गेले आणि माझ्या नावाचा उतारा काढून घेतला.

आठवड्यात पाटोद्याच्या मालकाचा निरोप आला की व्यवहार राहू द्या. भावानं त्याला फोन करून सांगितलं होतं की बाईच्या जमिनीचा घरात वाद आहे, तिच्याशी व्यवहार केला तर कोर्टात फिरावं लागेल. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले आणि त्याच्या ओट्यावर बसले. तो म्हणाला, घरच्या कोणा पुरुषाला घेऊन या. मी उतारा त्याच्या हातात दिला.

"हितं माझं नाव हाय. मोठ्यानं वाचा."

त्यानं चष्मा लावला आणि वाचलं. बापाचं नाव, भावाचं, मग माझं. कागद घडी करून त्यानं मला परत दिला. मग म्हणाला, सोमवारी या. सोमवारी रजिस्ट्री झाली. साक्षीदार म्हणून माझ्या गाडीचा जुना ड्रायव्हर आला आणि शेरडंवाल्या म्हातारीनं अंगठा दिला.

मी रिटायर झाले, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर उभं राहिलं. दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून वस्ती गेली, तेव्हा मला भीती वाटली, हे लपवत नाही. म्हातारीनं त्याच दिवशी तिची शेरडं माझ्या आवारात आणून बांधली. विचारलंसुद्धा नाही.

त्याच थंडीत एका दुपारी भाऊ आला. कागद घेऊन. मी चहा टाकला. तो म्हणाला, आता तुझ्या नावावर जमीन झाली, तू शेतकरी झालीस, मग सही करायला काय हरकत आहे? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कायद्यानं आता मला काही आडवं येत नव्हतं.

"तवा थांबला असतास तर दिली असती," मी म्हटलं. "तू मालकाला फोन केलास. आता न्हाई करत."

त्यानं चहा अर्धा ठेवला आणि गेला. पंचमीला मला बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्या दिवशी मला फार एकटं वाटतं. तरी सही करावीशी वाटत नाही.

गेल्या महिन्यात भावजयीचा फोन आला. ती घराबाहेरून कुठून तरी बोलत होती, आवाज बारीक. मला वाटलं, भावानं सहीसाठी तिला पुढं केलंय. ती म्हणाली, "आक्का, माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव असंल का? कसं बघायचं असतंय?"

मी तिला तलाठ्याचं ऑफिस सांगितलं, गट नंबर कुठून मिळेल ते सांगितलं. तिनं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, उद्या बुधवारचा बाजार हाय, उद्याच जाते.