मेथीच्या डब्यातल्या तीन पिना

भुतंखेतं, दृष्ट, सावल्या... यातलं काही मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. तेव्हा तर मी स्वतःशिवाय कुणालाच मानत नव्हते! तरी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वरसाव्याला आमच्या अंगणात जे झालं ते लिहितेय. हसायचं तर माझ्यावर हसा, नातवंडं हसतातच.

आमच्या ह्यांना हार्टचा त्रास सुरू झाला. पूनम सागर सोसायटीतला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. म्हणून वरसाव्याला चढावरचं एक बैठं घर घेतलं. पण फाटकापासून दारापर्यंतची खडीची वाट पावसाने पार धुऊन नेलेली. रिक्षा वर येईना. पुन्हा छातीत दुखलं तर ह्यांना काय चालवत खाली न्यायचं?

दिवाळीनंतर गावातले हिराजीदादा ट्रॅक्टर घेऊन आले. सोबत नांगर, आणि ब्लेड — खडी ओढून सपाट करायचं लोखंडी पातं. मागे एका वेळी एकच जोडता येतं.

"वयनी, आधी ब्लेड लावू. रस्ता करू. खुंट मंग."

खुंट म्हणजे वाटेकडेचे तोडलेल्या सुबाभळीचे चार बुंधे. मला तिथे गुलाब हवे होते — दादरहून नणंद येणार होती, तिला जळवायचं होतं! शिवाय बागकामाचं पुस्तक वाचलं होतं मी. एक. तेही अर्धं.

"नांगरच लावा. मुळं नांगराने निघतात."

"फाळ मोडंल, वयनी. नि वाटंत खड्डे पडतील ते येगलेच."

"मला शिकवू नका दादा!" गॅलरीतल्या कुंडीत तुळस जगवलेली बाई शेतकऱ्याला सांगतेय.

बिचाऱ्यांनी संध्याकाळी नांगर जोडला, ट्रॅक्टर अंगणात ठेवला आणि चावी खिशात घालून घरी गेले. सकाळी बघते तर ट्रॅक्टरला ब्लेड! नांगर बाजूला, मातीत.

"दादा, ही काय थट्टा?"

"मी आता येतंय ना! मना काय म्हायती न्हाय. तुमीच लावला असंल."

"मी? दोघांना हलत नाही ते धूड?"

व्हरांड्यातून हे म्हणाले, "अगं, लागलंय ना? मग करून घे रस्ता."

"तुमचंच काम दिसतंय!"

"माझं? मला बादली उचलायची बंदी आहे."

मी हट्टाने परत नांगर जोडायला लावला. दिवसभरात एकही खुंट हलला नाही. संध्याकाळी मी पोलिसी डोकं चालवलं. नांगरही उतरवून ब्लेडशेजारी ठेवायला लावला. जोडणीच्या तिन्ही पिना काढून घेतल्या, मेथीच्या डब्यात खुपसल्या. डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आता बघू म्हटलं कोण लावतो ते!

सकाळी ट्रॅक्टरला ब्लेड. तिन्ही पिना जागच्या जागी... आणि त्यांच्या ग्रीसला मेथीचे दाणे चिकटलेले.

कपाटाचं कुलूप तसंच होतं. ब्लेड जोडायला ट्रॅक्टर मागे घ्यावा लागतो; रात्री खिडकीखाली तो सुरू झाला असता तर मेलेला माणूसही उठला असता. मी पायरीवरच बसले. हिराजीदादांनी दाणे बघितले, मग माझ्याकडे.

"करा दादा रस्ता," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या हळू आवाजात.

तीन वाजता वाट गुळगुळीत झाली. पाच वाजता ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि छाती धरली. हिराजीदादा धावत रस्त्यावर गेले आणि टॅक्सी घेऊन आले — थेट दारात. "वेळेत आणलंत," एवढंच डॉक्टर म्हणाले. मी मात्र टॅक्सीत सगळा वेळ खड्डे मोजत होते... नसलेले. माझं ऐकलं असतं तर पडले असते ते.

हिराजीदादांनी शेवटपर्यंत संशयात मलाच धरलं. मी ह्यांना धरलं. कमरेची किल्ली, झोपलेला ट्रॅक्टर, मेथी — याचा मेळ मला आजतागायत लागलेला नाही. कुणाला लागला तर सांगा, भूत सोडून.

खुंट आम्ही काढलेच नाहीत. गुलाब लावायचेही राहिले. त्यातल्या पहिल्या खुंटावर बसून ह्यांनी पुढची अकरा वर्षं संध्याकाळचा चहा प्यायला. मी विचारायची, "खरं सांगा, तुम्हीच ना?"

"मला बादलीची बंदी आहे," म्हणायचे, आणि कप पुढे करायचे.