कासाराचे हात

भद्रकालीच्या देवळाजवळ एक कासार बसायचा. त्याच्या हातांवर खपल्या आल्या आणि आम्ही बायकांनी त्याच्याकडे जाणंच सोडलं. मी तर रस्ता ओलांडून पलीकडून जायची. दोन वर्षं तो एकटाच त्याच त्या बांगड्या पुसत बसलेला दिसायचा.

मग कुणा डॉक्टरने त्याला सोमल या विषारी औषधाच्या सुया टोचल्या आणि हात स्वच्छ झाले. आम्ही निर्लज्जासारख्या पुन्हा हात पुढे करू लागलो. बांगड्या भरून झाल्या तरी तो क्षणभर हात सोडायला विसरायचा.

बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायची आमची रीत. एकदा वाकून वर बघितलं, तर त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. हिरड्यांतून येणारं रक्त तो उपरण्याने टिपत होता.

"अहो, हे काय?"

"सुयांनी यकृत सुजलं, रक्तही बिघडलं. डॉक्टर म्हणतात, सुया बंद करा."

"मग करा की बंद!"

"खपल्या परत येतील, बाई. मग हात कोण देणार? डोळ्यांकडे कुणी बघत नाही."

संक्रांतीला त्याची जागा रिकामी होती. शेजारच्या फुलवालीला विचारलं.

"गेला बिचारा," ती म्हणाली. "हात मात्र अगदी छान झाले होते."