आठ दिवस शाळेबाहेर

शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं काढली की हजेरीपटांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मी इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये क्लार्क होते; हे किस्से नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराचे. आमचे हेडमास्तर जगदाळे सर छडीला हात लावायचे नाहीत. पोरगं फारच चुकलं की त्याला तीन नाहीतर आठ दिवस शाळेतून काढायचे आणि परत येताना पालकांना आण म्हणायचे. घरी द्यायची ती पत्रं लिहायचं काम माझं.

*

वरकुट्याच्या दत्तूनं वर्गात शिट्टी मारली, म्हणून त्याला आठ दिवस काढलं. सहाव्या दिवशी त्याचे वडील, तुकारामतात्या, स्वतःच ऑफिसात हजर. सरांना वाटलं, माफी मागायला आलेत.

"सर, अजून चार दिवस वाढवा की. उसाची लागण निम्मी ऱ्हायलीया. पोरगं लई कामाला येतंय."

सर माझ्याकडं वळले. "बाई, त्याचं पत्र रद्द करा. उद्या पहिल्या तासाला पाहिजे मला तो."

दुसऱ्या दिवशी दत्तू हातावरचे फोड दाखवतच आला. बाकावर बसायला मिळालं म्हणून इतका खूश झालेला मुलगा मी पुन्हा पाहिला नाही.

*

एकानं तर पत्र माझ्यासमोरच उघडलं आणि म्हणाला, "बाई, 'शिस्त'मधली शि ऱ्हस्व असती." बघितलं तर खरंच मी दीर्घ काढली होती. सरांनी त्याचा एक दिवस कमी केला.

*

बिरूचं आठवलं की अजून कसंतरी होतं. त्याच्या घरचे मेंढरं घेऊन लांब चरायला गेलेले, आणि तो मावशीकडं राहायचा. मारामारी केली म्हणून सरांनी त्याला तीन दिवस काढलं. तिनाचे दहा झाले तरी तो वर्गात आला नाही. मग शिपाई सांगत आला, "सर, बिरू रोज मागच्या खिडकीखाली बसतोय, वही घिऊन."

सर मागं गेले, मीही गेले. वहीत दहाही दिवसांचे धडे उतरवलेले होते.

"अरे, मावशीला का नाही आणलंस?"

"पत्रात आईवडील लिवलंय, सर. त्ये कुठल्या रानात हायती, मला म्हाईत न्हाय."

पत्र माझ्याच हातचं. सरांनी बिरूला दंडाला धरून वर्गात नेऊन बसवलं. त्या दिवसापासून मी 'घरचं कुणीही चालेल' असं लिहायला लागले.

*

सरांचा धाकटा मुलगा संजय आमच्याच शाळेत नववीत होता. चाचणीत कॉपी करताना सापडला. सर म्हणाले, "बाई, पत्र लिहा. आठ दिवस."

नवव्या दिवशी संजय आईला घेऊन आला. सरांनी समोरची खुर्ची दाखवली. "पालकांनी बसावं."

वहिनी बसल्या. मी उठायला लागले, तर सर म्हणाले, "थांबा, नोंद करायचीय." मग परक्या बाईला सांगावं तसं त्यांनी मुलानं काय केलं ते सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "पोराचे वडील आठ दिवस त्याच्याशी बोलल्यालं न्हाईत. त्यो धड जेवत बी न्हाय. तुमी हेडमास्तर हायसा, सर. जरा सांगाल का त्यांना?"

संजय दारात खाली मान घालून उभा होता. सरांनी माझ्यापुढची नोंदवही मिटली.

"सांगून बघतो," ते म्हणाले.