गरम झाली की चालू होत नाही

थंड असताना आमची गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. वीस-पंचवीस किलोमीटर पळाली, इंजिन तापलं आणि बंद केली, की मग नाही. सेल्फ मारत बसा, घरघर करील, नाकात पेट्रोलचा वास येईल, पण पेटणार म्हणून नाही. अर्धा तास बॉनेट उघडं टाकलं की पुन्हा शहाण्या बाळासारखी चालू. हे दुखणं मी आयुष्यात कितीतरी गाड्यांचं काढलंय. माझ्या वडिलांच्या गाडीचं मला वर्ष उलटलं तरी काढता आलं नाही, आणि त्याच गाडीतून आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला विट्याला जात होती.

वडील मिलिटरीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर लष्कराच्या लिलावात त्यांनी हा लहान पेट्रोल ट्रक घेतला आणि म्हसवडजवळच्या आमच्या गावात आणला. आता पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची गाडी बघायला मिळत नाही, सगळं सेन्सरवर गेलं. मी म्हणायचो, "आप्पा, भाड्याची गाडी लावूया." ते म्हणायचे, "माझ्या दारात गाडी असताना तुझ्या आईला दुसऱ्याच्या गाडीत घालू व्हय?" हट्टी माणूस. मीही त्यांचाच. कुपवाडला माझं गॅरेज आहे, लांबलांबून लोक बिघडलेल्या गाड्या घेऊन येतात आणि माझ्या बापाची गाडी रस्त्यात उभी राहते, ही गोष्ट माझ्या फार जिव्हारी लागली होती. आईचं दुखणं जितकं लागायला हवं होतं त्याहून जास्त लागली होती. खोटं कशाला बोलू?

त्याआधी मी गावाला दिवाळीला आणि सिद्धनाथाच्या यात्रेला जायचो, बस्स. आई फोनवर विचारायची, "कवा येतूस?" मी म्हणायचो, "बघतो." पण गाडी अडायला लागली आणि मी एक आड एक रविवार जायला लागलो. सकाळी पोचायचं, चहा उभ्यानं प्यायचा आणि बॉनेटमध्ये डोकं घालायचं ते दिवस मावळेपर्यंत.

कॉइल बदलली. पेट्रोलचा पंप बदलला. सायलेन्सरजवळून जाणारी पेट्रोलची नळी लांब घेतली, तिच्यावर कापड गुंडाळलं. कार्ब्युरेटरचं वरचं झाकण काढून आतल्या तरंगत्या फ्लोटची पातळी इतक्या वेळा बघितली की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. एवढं कळत होतं की इंजिन बंद केलं की खालची उष्णता वर चढते, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि इंजिनात सांडतं. पण ती चढते कुठून, हे सापडेना. कार्ब्युरेटर खालून सोडवून बघायचं मात्र डोक्यात आलं नाही. तो मीच पुरता खोलून, साफ करून, ओव्हरहॉल करून बसवलेला. स्वतःच्या हातचं काम कोण तपासतं?

आई शेजारी लिंबाच्या सावलीत पालथ्या घमेल्यावर बसायची. हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी केलेली फिस्तुलाची गाठ, पाय सुजलेले. मी बॉनेटमधूनच हात मागे करायचो. पहिल्यांदा तिनं पक्कड दिली, मी ओरडलो, "आई, पाना! बारा-तेराचा!" महिन्याभरात तिला सगळे पाने कळायला लागले. दहा-अकराचा, चौदा-पंधराचा, मी तोंड उघडायच्या आत हातात. "तुझ्यापरीस मीच बरी मिस्त्री हाय," म्हणायची. ती मध्येच काहीबाही सांगायची. शेजारणीच्या म्हशीला रेडी झाली, तुझ्या मामाला मोतीबिंदू झाला. मी "हं, हं" करायचो. मला आज त्यातलं निम्मंही आठवत नाही. आठवतात ते पान्यांचे नंबर.

एका मंगळवारी भर दुपारी वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. विट्याहून परत येताना आईला मळमळलं, म्हणून त्यांनी माळावर गाडी थांबवली आणि सवयीनं बंद केली. झालं! आसपास घर नाही, झाड नाही. मी गॅरेजमध्ये कुणाच्या तरी गाडीखाली होतो. तिथूनच सांगितलं, "कार्ब्युरेटरवर ओलं फडकं टाका. अ‍ॅक्सिलेटर पुरता दाबून धरा आणि सेल्फ मारा. मारताना पाय हलवू नका."

"कॅनमधलं पाणी संपलंय रं," वडील म्हणाले.

मागे आई उभी होती, पदराचा फडका कार्ब्युरेटरवर धरून. तिच्या हातात पाण्याची लहान बाटली दिसली.

"आईजवळ हाय की पाणी! ओत गं त्यावर."

तिनं थोडं ओतलं. फडका जेमतेम भिजला.

"अगं, चिक्कूपणा नको करूस, सगळी ओत!" मी खेकसलो.

तिनं बाटली उपडी केली. गाडी चालू झाली. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "बघा!" आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी बाटलीवर रबरबँड लावलेला दिसला. मी सहज विचारलं, हा कशाला? वडिलांनी सांगितलं, डॉक्टरांनी तिला पाणी मोजून दिलंय. दिवसाचं एवढंच. रबरबँडपर्यंत दुपारचं, खालचं रात्रीचं. त्यादिवशी दोन्ही वेळचं फडक्यावर गेलं होतं. "मग घरी येऊन प्यायची की!" मी म्हणालो. वडील म्हणाले, "म्हनली, माझ्या वाटणीचं मी वतलं. दुसरं घेतलं तर हिशोब चुकंल. जिभेवर बर्फाचा खडा ठिवून झोपली."

मी आईकडे बघू शकलो नाही. परत बॉनेटमध्ये डोकं घातलं. माफी मागायची सोडून मी त्या मुर्दाड गाडीला शिव्या घातल्या.

आई गेली ती गाडीमुळे नाही. दवाखान्यातच, मशीनला लावलेलं असताना छातीत कळ आली. त्याच्या आदल्या रविवारी मी जाणार होतो. एका गिऱ्हाइकाला लग्नाला जायचं होतं, त्याची गाडी द्यायची म्हणून गेलो नाही. फोनवर आई म्हणाली, "आसू दे. गाडी कुठं पळून जातीया!"

तेराव्यानंतर वडील म्हणाले, "गाडी काढून टाकू. आता कुणाला न्यायचंय?" घेणारा दुसऱ्या दिवशी येणार होता. मला वाटलं, निदान जाता जाता तरी चांगली करून द्यावी. त्यादिवशी पहिल्यांदा मी कार्ब्युरेटर खालून सोडवला.

हातात आला, तो उलटा करून बघितला. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये बोटभर जाडीचं काळं फायबरचं पॅकिंग असतं. इंजिनाची उष्णता वर चढू नये म्हणूनच ते असतं. तिथं ते नव्हतंच. तिथं पत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेलं पातळ पॅकिंग होतं. माझ्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांपैकी एक. तेलानं काळी पडली होती, तरी कडेला सोनेरी अक्षरं वाचता येत होती: येण्याचे करावे.

ओव्हरहॉल करताना फायबरचं मला तडकलेलं दिसलं होतं. गिऱ्हाइकाची गाडी असती तर दुपारपर्यंत नवीन आणून बसवलं असतं. घरची गाडी, म्हणून कैची घेतली, पुठ्ठा कापला आणि म्हणालो, पुढच्या वेळी बघू. सगळ्या मिस्त्र्यांचं असंच असतं. घरचा मिक्सर महिनाभर बंद, स्वतःच्या स्कूटरला ब्रेक नाही. दिव्याखाली अंधार. पण माझ्या अंधारात माझी आई माळावर उभी होती.

मी तो पुठ्ठा वडिलांपुढं धरला. "आप्पा, हे माझंच पाप हाय." सगळं सांगितलं. मला वाटलं, ते हात उगारतील. उगारायला हवा होता.

ते घरात गेले आणि रव्याचा डबा घेऊन आले. झाकण उघडून त्यांनी दवाखान्याच्या चिठ्ठीत गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. नवंकोरं फायबरचं पॅकिंग.

"मी काय आंधळा हाय व्हय रं? जल्म गेला माझा गाड्यांत. त्या माळावरच्या दिसानंतर बघितलं मी. साताऱ्याच्या माझ्या जुन्या दोस्ताकडनं आणलं. बसवाय घेतलं, तर तुझ्या आईनं हातातनं काढून घेतलं."

"का?"

वडिलांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हनली, आवं, गाडी दुरुस्त झाली तर त्यो येईल कशाला?"

मी त्या पालथ्या घमेल्यावर बसलो आणि हमसून हमसून रडलो. तहान सोसली तिनं, तरी गाडी तशीच राहू दिली. उन्हात अर्धा-अर्धा तास उघड्या बॉनेटसमोर बसली. आणि मी तिला "हं, हं" करत राहिलो. वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ते बारा-तेराचा पाना घेऊन आले आणि माझ्यापुढं धरला.

आम्ही दोघांनी पॅकिंग बसवलं. गाडी म्हसवडपर्यंत नेऊन आणली, चांगली तापवली. दारात आणून मी बंद केली. दहा मिनिटं थांबलो. वडिलांनी फडकं भिजवून हातात धरलंच होतं. मी किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली. "बंद कर. परत लाव," वडील म्हणाले. परत चालू झाली. चार वेळा झाली.

फडकं पिळून त्यांनी लिंबाच्या फांदीवर वाळत टाकलं. "बरं झालं. आता तुला हेलपाटा न्हाई."

"रविवारी येतो मी, आप्पा."

"आता कशाला? उद्या गाडी जाणार. आन् चांगली बी झाली की रं."

"व्हय," मी म्हणालो. आईचं पालथं घमेलं सावलीत सरकवलं आणि त्यावर बसलो.