पालघर जिल्ह्यातील एक वाहनधारक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं माहीत असतं — कुठला शेअर कधी घेतला, कुठे तोंड पोळलं, कुणाच्या लग्नाला जायचं खोटं कारण सांगून टाळलं — पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर मग ऐकाच.

मी तसा बोलण्यात हार जाणारा माणूस नव्हे. डहाणू स्टेशनजवळ माझं पाइप आणि पंपांचं दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की आमची मंडळी जमते — चिकूचे व्यापारी जयेशभाई, दोन निवृत्त मास्तर, पलीकडचा औषधवाला. विषय एकच, बाजार. आणि बाजारात त्यांचा गुरू मी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या त्या कंपनीचा शेअर सगळ्यांना मीच घ्यायला लावला. नुसता शेअर कशाला, गाडीच घेतली. आमच्या भागात त्या कंपनीची गाडी फक्त माझ्याकडे. टीव्हीवरचे तज्ज्ञ सोमवारी ‘घ्या’ म्हणायचे, मंगळवारी ‘विका’. आमची मंडळी ढिम्म. त्यांच्यासमोर गाडी उभी होती ना, पांढरीशुभ्र, चकचकीत! ती बघून त्यांना शांत झोप लागायची.

माझा अंदाज बरोबर होता, हे आधीच सांगून टाकतो. शेअर वर गेला, चांगलाच गेला. मंडळी आजही माझं नाव काढतात. मग ही कबुली कसली, असं विचाराल. कधी कधी वाटतं, शेअर बुडाला असता तर बरं झालं असतं — निदान कुणीतरी मागे वळून चौकशी केली असती.

विलासबद्दल सांगायला हवं. मी ते लांबवतोय, कळतंय मला.

विलास आशागडचा. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी दुकानात बसलो, तो घरची भातशेती सांभाळून जिल्ह्याच्या एका पेपरासाठी तलासरीच्या बातम्या द्यायला लागला. महाचिवट प्राणी. साधा रस्त्यावरचा खड्डा छापायचा असला तरी जाऊन बघून येणार, मग दोघांना विचारणार, मग पुन्हा पहिल्याला विचारणार. मी त्याची चेष्टा करायचो. तो हसायचा आणि परत विचारायचा.

एका मे महिन्यात मी वेवजीहून एका लग्नातून परतत होतो. घरची माणसं पुढे गेली होती, मी एकटाच. पडद्यावर गाडी अजून बरंच अंतर जाईल असं दिसत होतं — आणि गाडी बंद. भर उन्हात, मध्येच. असं दुसऱ्यांदा होत होतं. पहिल्या वेळचं मी कुणाला कळू दिलं नव्हतं. दुकानासमोर उभ्या असलेल्या त्या गाडीवर अख्ख्या मंडळीचा भरवसा, आणि ती अशी रुसून बसलीय हे सांगायचं कसं? मी विलासला फोन केला. का त्यालाच? कारण तो तलासरीत होता, आणि त्याच्या पोटात गोष्ट राहते हे मला माहीत होतं.

तो मोटारसायकलवरून आला. कुणाचा तरी ट्रॅक्टर मिळवला, दोर बांधला, माझ्या गाडीचे दोन-चार फोटो काढले. तलासरीला कंपनीची माणसं येईपर्यंत आम्ही चहा पीत बसलो आणि मी कंपनीचा उद्धार केला. सर्व्हिसवाले कसे टोलवाटोलवी करतात, गाडी किती अंतर दाखवते आणि किती जाते — सगळं ओकलो. विलासने विचारलं, लिहू का? मी म्हणालो, लिही, माझं नाव तेवढं नको.

“नाव कुणाला कळणार नाही, नंदू,” एवढंच तो म्हणाला.

बातमी आली. कंपनीचं म्हणणंही त्यात होतं, आणि ‘पालघर जिल्ह्यातील एका वाहनधारकाने सांगितले’ असं होतं. डहाणू नाही, तलासरी नाही — अख्खा जिल्हा. मी ओळखू येऊ नये म्हणून.

त्याच आठवड्यात शेअर घसरला. विलासच्या बातमीने घसरला, असं मला तेव्हाही वाटलं नाही. बाजार काय आशागडच्या माणसाला विचारून हलतो? पण मंडळींना राग काढायला कुणीतरी हवं होतं. टीव्हीवाले लांब होते, विलास जवळ होता. जयेशभाईंनी तो पेपर माझ्यापुढे टाकला.

“नंदूभाई, आ वाहनधारक कोण छे? गाडी तर इथे तुमचीच एक. बंद पडली होती काय?”

सगळे माझ्याकडे बघत होते. ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो हो?

मी म्हणालो, कसला वाहनधारक? घरी बसून तयार केलाय त्याने. दुसऱ्या कंपनीकडून पाकीट पोचलं असेल.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, तेही काही कमी नव्हतं. पण मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पूर्ण चार्ज केली, एसी लावून कोसबाडच्या चढावर नेली आणि व्हिडिओ काढला. ‘बघा, पेपरवाल्यांनी बंद पाडलेली गाडी!’ झकास झाला होता व्हिडिओ. सगळ्या ग्रुपवर फिरला. विलासच्या पेपरच्या कचेरीतही पोचला. साहेबांनी विलासला त्या वाहनधारकाचं नाव विचारलं. त्याने दिलं नाही. त्याचं काम गेलं.

दोर बांधलेल्या माझ्या गाडीचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते. एक फोटो पुढे ढकलला असता की माझी वाचा बसली असती. त्याने तो कुणालाही दाखवला नाही.

पुढे कंपनीने गाड्या बोलावून एक भाग फुकट बदलून दिला. माझ्याही गाडीचा बदलला. आता गाडी मस्त पळते. शेअर सावरला, वर चढला, आणि माझं म्हणणं खरं ठरलं. विलासचं नाव मात्र ‘पाकीट’ पडलं ते पडलंच. तो हॉटेलात शिरला की कुणीतरी म्हणायचं, आलं पाकीट. मंडळी हसायची. मीही हसायचो. मोठ्याने.

इथवरचं मी स्वतःशी पुष्कळदा बोललोय. आता जे सांगतो ते स्वतःशीही नाही.

यंदा विलासच्या मुलीला, मनालीला, मुंबईत पत्रकारितेच्या कोर्सला प्रवेश मिळाला. मी पेढे घेऊन आशागडला गेलो — हो, मी त्यांच्या घरी जातो, माझी मान खाली जात नाही. विलास पाणी आणायला आत गेला तेवढ्यात पोर माझ्याजवळ सरकली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“काका, तुम्ही बाबांचे मित्र आहात म्हणून विचारते. त्यांनी खरंच पैसे घेतले होते?”

शेअर विकून झाले होते. गाडी दुरुस्त झाली होती. मला कुणाची भीती नव्हती, कसलं नुकसान नव्हतं. समोर फक्त ती पोर होती, आणि तिला एक शब्द हवा होता.

मी म्हणालो, जाऊ दे गं. होते माणसाच्या हातून चूक.

तिने मान खाली घातली. मी वर पाहिलं तर विलास दारात उभा होता, हातात तांब्या. त्याने ऐकलं होतं. तो पुढे आला, पेला भरला आणि मला दिला. मी पाणी प्यायलो, आणि मनालीला मुंबईत राहायची सोय कुठे केली ते विचारलं.