खार अजून बाहेर आहे

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याच्या विज्ञानकथा मंडळातले लोक त्याला ‘कप्तान’ म्हणतात आणि नव्या माणसाला वाटतं, हा कुणीतरी निवृत्त वैमानिक असावा. वैमानिक कसला! जन्मात एकदाही विमानात बसलेला नाही. उंच इमारतींच्या माथ्यावर जी मशीन रूम असते, तिथे ग्रीसने माखलेल्या हातांनी त्याचं आयुष्य गेलं. ‘मी रोज लोकांना वर पाठवतो,’ असं तो म्हणतो आणि स्वतःच हसतो. त्याच्या विनोदाला दुसरं कुणी हसत नाही, त्यामुळे तेही काम त्यालाच करावं लागतं.

दादाच्या कामाची एक रीत आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आत माणूस असला, की जोडीदाराला तो वर मशीन रूममध्ये पाठवतो आणि स्वतः दाराला तोंड लावून बोलायला लागतो. ‘कोण आहे आत? घाबरू नका, मी आलोय. आज भाजी काय आणलीत?’ काहीही विचारतो. आतून उत्तर आलं नाही तरी बोलत राहतो. फटीतून माणसाला ओढून काढायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम. कितीही वेळ लागो, लिफ्ट मजल्याच्या पातळीला आणायची आणि माणसाला स्वतःच्या पायांनी बाहेर येऊ द्यायचं. आणि तो बाहेर आला की विचारायचं, ‘पाय जमिनीला टेकले का?’ माणूस समोर धडधडीत उभा असतो, तरी त्याच्या तोंडून ‘टेकले’ ऐकल्याशिवाय दादा हत्यारं गोळा करत नाही. एकदा एका वकीलबाई चिडून म्हणाल्या, ‘मग काय मी तरंगतेय?’ दादा म्हणाला, ‘तसं नाही, पण एकदा म्हणा.’ त्यांनी म्हटलं तेव्हाच हा हलला.

याच माणसाने तरुणपणी विज्ञानकथा मंडळ काढलं. वहिनी त्या मंडळाला ‘परग्रह’ म्हणते. ‘दादा कुठाय?’ विचारलं, तर म्हणते, ‘परग्रहावर. चहाला उतरेल.’ महिन्यातून एकदा दहा-बारा माणसं जमतात, पुस्तकांची देवाणघेवाण करतात आणि प्रकाशाच्या वेगावरून भांडतात. वर्षातून एकदा मेळावा भरतो. तो भरतो एका व्यापारी इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सभागृहात, आणि फुकट भरतो, कारण तिथली लिफ्ट दादाच्या हातची आहे आणि व्यवस्थापकाला ती दादाशिवाय कुणाचं ऐकत नाही असं वाटतं. सकाळी प्रश्नमंजूषा, मग जुन्या मासिकांची विक्री, मग दादाचं व्याख्यान. विषय ठरलेला: पृथ्वीपासून अंतराळापर्यंत लिफ्ट बांधता येईल का. बाकीचे दोराच्या जाडीची चर्चा करतात. दादाला एकच काळजी असते, की ती मधेच अडकली तर दाराशी जाऊन बोलायचं कुणी.

दुपारच्या चहानंतर मेळाव्याचा मुख्य कार्यक्रम असतो. ‘दूरगामी’ नावाच्या यानाची साखळीकथा. प्रत्येकाने यानावर आपापलं एक पात्र सोडलेलं आहे आणि दरवर्षी ज्याने त्याने आपल्या पात्राचं पुढचं लिहून आणायचं. मंडळातले दातांचे डॉक्टर यानावरही डॉक्टरच आहेत, आणि त्यांना भेटणाऱ्या प्रत्येक परग्रहवासीयाचे दात किडलेले असतात. माझं पात्र म्हणजे सगळ्यांना टोमणे मारणारा स्वयंपाकी यंत्रमानव. ‘यात कल्पनाशक्ती कुठे आली?’ असं दादा म्हणतो. या कथेला नियम एकच, पण लोखंडी. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही आणि त्याच्या लेखकाला काही सुचवायचंही नाही. हा नियम दादाने केला, आणि त्यातच तो अडकला.

माझी भाची, म्हणजे दादाची एकुलती एक लेक, लहानपणापासून मेळाव्याला यायची. शाळेला सुट्टी असली की बापाबरोबर बॅटरी धरायला लिफ्टच्या कामावरही जायची. बारा वर्षांची असताना तिने कथेत ‘खार’ आणली. खार म्हणजे यानावरची मिस्त्री, कुठल्याही नळीत शिरणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. खारीचं लिखाण वाचायला ती उभी राहिली की सभागृह कान टवकारायचं. फ्रिजच्या मोठ्या खोक्याचं यानाचं दार बापलेकीने मिळून बनवलं. चंदेरी रंग, गोल खिडकी आणि खऱ्या लिफ्टच्या बिजागऱ्या. मग ती शिकायला दूरच्या शहरात निघाली. निघण्याआधीच्या मेळाव्यात तिने वाचलं, की यानाचा अँटेना बिघडला आहे आणि खार तो दुरुस्त करायला बाहेर पडली आहे. ‘दार उघडं ठेवा, आलेच,’ असं म्हणून ती खाली बसली. टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या वेळेला तिची परीक्षा होती. त्यापुढच्या वर्षी प्रशिक्षण. मग नोकरी लागली, पुलांसाठीचं काँक्रीट तपासायची. दिवसभर काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फोडते. ‘बापाचं डोकं फुटेना, म्हणून ठोकळ्यांवर भागवते,’ इति वहिनी. भांडण झालं म्हणाल तर तसं काही नाही. भांडण असतं तर मी मधे पडून मिटवलं तरी असतं. पोर मोठी झाली आणि लांब गेली, एवढंच झालं होतं, आणि त्याला कुणी काय करायचं?

दादाने मात्र दार उघडं ठेवलं. खार बाहेर असताना यान हलवायचं नाही, असं कप्तानाने ठरवून टाकलं. दरवर्षी ते खोक्याचं दार व्यासपीठावर अर्धवट उघडं उभं राहतं. दादा समोर येतो, बिनतारी यंत्रावर बोलल्यासारखा हात तोंडाशी धरतो आणि यानावरच्या बारीकसारीक गोष्टी सांगतो. डॉक्टरांनी कुणाचा दात काढला, यंत्रमानवाने आज काय जाळलं. मग विचारतो, ‘दूरगामीवरून खारीला. ऐकू येतंय का?’ आणि सगळं सभागृह एक मिनिट गप्प बसतं. वहिनी मागच्या रांगेत बसून दिवसभर पेंगते. त्या मिनिटाला ती टक्क जागी असते.

आणि हाच माणूस दर रविवारी फोनवर लेकीशी काय बोलतो? ‘जेवलीस? पाणी येतं ना तिकडे? हं. घे, आईशी बोल.’ संपलं. दारामागच्या परक्या माणसाशी तासभर बोलणाऱ्याला पोटच्या पोरीशी चार वाक्यं जमत नाहीत. तिच्या खोलीतलं टेबल तो दर आठवड्याला पुसतो, तिचा पाना-पक्कडीचा डबा तेल लावून ठेवतो. ती इथे परत येईल, इथेच काम बघेल, हे त्याने मनाशी धरलेलं आहे. कधी बोलून दाखवलं नाही, पण मी त्याची बहीण आहे, मला दिसतं.

एकदा मी चिडून म्हटलं, ‘अरे, तिला सांग तरी, की यान अजून तुझ्यासाठी थांबलंय.’

‘नियम आहे.’

‘कुणी केला?’

‘मी.’

‘मग मोड!’

‘मग तो नियम कसला?’ दादा म्हणाला. मग हातातल्या पान्याकडे बघत म्हणाला, ‘आणि समज सांगितलं, आणि मला बरं वाटावं म्हणून ती आली, तर? ते ओढून काढल्यासारखंच झालं ना.’



यंदा मेळाव्याच्या आधी त्याच सभागृहात झालेल्या बैठकीत डॉक्टरांनी विषय काढला. माणूस वाईट नाही. बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, ‘कप्तान, राग मानू नका. नवी मुलं येतात, विचारतात यान निघणार कधी. आपण सांगतो, खार बाहेर आहे. ती मुलं पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. आणि खरं बोलायचं तर खारीचा प्राणवायू केव्हाच संपला असणार.’

‘खार काटकसरी आहे,’ दादा म्हणाला.

कुणीच हसलं नाही, तोही नाही. शेवटी ठरलं, की यंदाच्या मेळाव्यात शेवटची हाक मारायची. उत्तर आलं नाही, तर दार लावायचं आणि यान सोडायचं. दादा ‘बरं’ म्हणाला. बैठक संपल्यावर, लिफ्ट चालू असताना, तो सगळे मजले जिन्याने उतरला. त्याला असं जिन्याने जाताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

नियम दादाचा होता, माझा नव्हता. रविवारी दुपारी मी भाचीला फोन लावला.

‘आत्या! आज इकडची वाट कशी चुकलीस?’

‘तुझं ते यान आठवतं का?’

‘दूरगामी? अगं, ती कथा केव्हाच संपली असेल ना?’

‘संपली? तू बाहेर पडलीस तेव्हापासून ते यान जागचं हललेलं नाही. तुझा बाप दार उघडं धरून बसलाय. यंदा बंद करणार आहेत.’

ती म्हणाली, ‘बाबा कधी बोलले नाहीत.’

‘तुझा बाबा फोनवर काय बोलतो? पाणी येतं का!’

ती हसली, पण ते हसू मधेच विरलं. ‘आत्या, मलाही त्यांना एक सांगायचंय. किती दिवस झाले, जमतच नाहीये.’

‘काय ते?’

‘आधी त्यांना सांगेन.’

मला म्हणायचं होतं, ‘नीघ आत्ताच्या आत्ता.’ फार फार म्हणायचं होतं, कारण तिची आठवण काय एकट्या दादालाच येते? पण दादाचं ते ‘ओढून काढणं’ आठवलं आणि मी शब्द गिळले. ‘मेळाव्यात चहानंतर तुझा बाप बिनतारी यंत्रावरून खारीला हाक मारतो आणि एक मिनिट सगळे उत्तराची वाट बघतात,’ एवढंच म्हणाले. ‘खार तुझी आहे. काय करायचं ते तू बघ.’ फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले आणि उगाच दोन पातेली घासली.

मेळाव्याच्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दादाने कामाचा निळा डगला धुऊन घातला होता, त्यावर पुठ्ठ्याचा बिल्ला. अंतराळातल्या लिफ्टवरचं व्याख्यान त्याने यंदा लवकर आटोपलं. चहा झाला. सभागृहाच्या दाराशी कुणी आलं की त्याची मान वळायची आणि कुणी दुसरंच निघायचं. मग तो उघड्या दाराशेजारी उभा राहिला, यानावरचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, ‘दूरगामीवरून खारीला. ऐकू येतंय का?’

सभागृह गप्प झालं. डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. वहिनी मागे ताठ बसली होती. आणि माझा फोन वाजला.

मेळाव्यात फोन बंद ठेवायची सूचना मीच सकाळी दिली होती, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बोलायची सोय नाही. मी उठले, फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि दादासमोर नेऊन धरला.

‘खारीकडून दूरगामीला,’ भाचीचा आवाज आला. ‘उशीर झाला, कप्तान. अँटेना आत्ता दुरुस्त झाला.’

‘दार उघडं आहे,’ दादा म्हणाला.

‘माहीत आहे. दिवा दिसतोय तुमचा. पण मी आत येत नाहीये, कप्तान. बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आलेच. मग हात सुटला आणि वाहत गेले. सुरुवातीला फार घाबरले. मग एक जागा लागली. इथली हवा बरी आहे, माणसं चांगली आहेत. यंत्रं सारखी बिघडतात, त्यामुळे कामही भरपूर आहे. मी इथेच राहायचं ठरवलंय. कायमचं. तुम्ही दार लावा आणि निघा. माझ्यासाठी किती दिवस एका जागी उभे राहणार?’ आणि मग खारीचा आवाज गेला आणि नुसत्या लेकीचा उरला. ‘बाबा, मला हे सांगायचं होतं. कसं सांगू कळत नव्हतं.’

दादाने फोन माझ्या हातातून घेतला. दोन्ही हातांनी धरला आणि लिफ्टच्या दाराला लावतो तसं तोंड त्याला लावलं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. ‘ये’ म्हणायचं होतं. त्याचे ओठ तसे झालेही होते.

‘पाय जमिनीला टेकले का?’ त्याने विचारलं.

हा प्रश्न तिने लहानपणी बॅटरी धरून किती दारांशी ऐकला असेल.

‘टेकले, बाबा.’

‘नक्की?’

‘नक्की टेकले.’

‘मग ठीक आहे,’ दादा म्हणाला. फोन त्याने मला परत दिला, खोक्याच्या दाराशी गेला आणि ते लावलं. बिजागऱ्या कुरकुरल्या. डॉक्टरांना म्हणाला, ‘चला, निघू या.’ डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मागे वहिनी तोंडावर हात ठेवून रडत होती.

यान सुटल्याचं कुणीतरी वाचायला सुरुवात केली, पण दादा दारापासून हलला नाही. त्या पुठ्ठ्यावर तळवा ठेवून तसाच उभा होता. मग वाकला आणि गोल खिडकीला तोंड लावून, पलीकडे कुणी असावं तसं, हळूच म्हणाला, ‘पाणी येतं ना तिकडे?’

माझ्या हातातला फोन अजून चालूच होता.

‘येतं, बाबा,’ ती म्हणाली. ‘भरपूर येतं.’